जुहू ते लोहगाव, विलंबितात

भाच्याला लॅपटॉप घ्यायचा होता. अट एकच: ‘मामा, विमान नीट उडवता आलं पाहिजे.’ मित्रांकडून दोन मशीन मागून तो माझ्याकडे आला. दोन्हींवर स्टिकर तोच, आरटीएक्स ४०७०. एक सडपातळ, वहीसारखं उघडणारं. दुसरं जाडजूड, आणि त्याचा अडॅप्टर विटेएवढा. ‘आतलं ग्राफिक्स कार्ड एकच आहे ना? मग पातळ घेतो,’ भाच्यानं निकाल देऊन टाकला. मी म्हटलं, एकच बंदिश दोघांकडून ऐकू या, मग ठरव.

बंदिश म्हणून मी जुहू ते लोहगाव हा प्रवास निवडला. सेस्ना १७२, उंची साडेपाच हजार फूट, वेळ चाळीसेक मिनिटं. याच जुहूवर १९३२च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचं पस मॉथ विमान घेऊन उतरले होते. आज खरं छोटं विमान घेऊन मनात येईल तेव्हा लोहगावात उतरणं शक्य नाही, तो हवाई दलाचा तळ आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मात्र कुणी हटकत नाही. हवामान आम्ही त्या क्षणाचं खरंखुरं घेतलं. महिना जुलैचा, वारा पश्चिमेचा, म्हणून धावपट्टी २६, तोंड समुद्राकडे.

उड्डाण केलं, डावीकडे वळलो, वांद्र्याच्या बाजूला पंख कलंडला आणि एकदम अख्खी मुंबई खिडकीत आली. दाद द्यावी अशी ही पहिली जागा. इथल्या बहुतेक इमारती कुणी हातानं रचलेल्या नाहीत. उपग्रहाच्या छायाचित्रावरून छपरं ओळखून प्रोग्रामनं त्या अंदाजानं उभ्या केल्यात, त्यामुळे आपल्या चाळी कुठल्या तरी परक्या गावच्या अपार्टमेंटसारख्या दिसतात. ते सोडून देऊ. मुद्दा असा की हे सगळं एका क्षणात कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावायला हवं. लॅपटॉपमधल्या ४०७०ला ती ८ जीबी असते, आणि त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डाला १२. नाव तेच, पण कोठार दोन-तृतीयांश! वांद्र्यावर दोन्ही मशीन अडखळली. टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणला तेव्हा दोन्ही सावरली. इथपर्यंत भाच्याचंच म्हणणं खरं ठरत होतं.

फ्रेमच्या आकड्याबद्दल इथेच सांगतो, कारण बहुतेक खरेदी तिथेच फसते. ‘सेकंदाला ९० फ्रेम’ हे शर्यतीच्या गाड्यांचं, गोळीबाराच्या खेळांचं माप. तिथे द्रुत लयच हवी. विमान म्हणजे विलंबित. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक मात्रा. त्या मात्रा समान अंतरावर पडत राहिल्या तर डोळा तक्रार करत नाही. पण सरासरी ६० असूनही मधेच एखादी फ्रेम शंभर-दीडशे मिलिसेकंद लोंबली, तर सम चुकल्यासारखं पोटात धस्स होतं. हवी ती लय, वेग नव्हे. सरासरीत चुकलेली सम दिसत नाही.

ही लय धरतो प्रोसेसर. पंखावरचा वारा, आजूबाजूची विमानं, पॅनेलवरची घड्याळं या हिशोबाचा बराचसा भार एकाच मुख्य धाग्यावर असतो. त्यामुळे ‘१६ कोअर’ वाचून हुरळून जाऊ नये. सोळा टाळकरी जमवले तरी ठेका धरणारा पखवाजी एकच. त्या एकाचा हात किती चलाख आहे आणि त्याच्या हाताशी कॅशे किती मोठी आहे, हे विचारावं. एएमडीनं मोठ्या कॅशेचे एक्स३डी प्रोसेसर आणले तेव्हा सर्वांत आधी हरखले ते विमानवालेच.

पनवेल मागे पडलं, माथेरान डावीकडे राहिलं. समोर राजमाची असायला हवा होता, तिथे ढगांची भिंत. या खेळाचे ढग म्हणजे चिकटवलेली चित्रं नाहीत. त्यांना जाडी आहे, त्यातून प्रकाश झिरपतो, आत शिरलं की करडा अंधार होतो आणि काचेवर थेंब पळू लागतात. सह्याद्रीच्या कड्यावर पावसाळा कसा अडतो हे मी घाटातून गाडीनं जाताना पन्नासदा पाहिलंय. वरून ते पहिल्यांदा या खेळानं दाखवलं.

आणि इथेच दोन गवयांमधला फरक कळला. ढग रंगवणं म्हणजे कार्डाची निव्वळ मजुरी, आणि मजुरीला वीज लागते. पातळ मशीनच्या ४०७०ला वीज मिळत होती ८० वॅटच्या आसपास, जाड्याच्या ४०७०ला जवळजवळ १४०. हा आकडा स्टिकरवर नसतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलाच्या तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो, कधी तिथेही नसतो. मी तर आता आधी तो वाचतो, नाव नंतर.

पातळ मशीन पहिली वीस मिनिटं झकास गायलं होतं. दुकानात आपण पाच मिनिटं बघतो आणि भाळतो. राजमाचीपर्यंत त्याचं अंग तापलं, पंखे किंचाळू लागले आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्यानं वेग उतरवला. ढगात, नेमकं नको तेव्हा. जाड्याचाही आवाज होताच, पण एकसुरी, तंबोऱ्यासारखा.

फ्रेम जनरेशन चालू केलं की पातळही गुळगुळीत दिसतं, हे भाच्यानं दाखवलं. खरं आहे. दोन खऱ्या फ्रेमांमध्ये कार्ड एक कल्पनेची फ्रेम घुसवतं. पण जॉयस्टिक हलवली तर त्या घुसवलेल्या फ्रेमला त्याचा पत्ता नसतो. डोळा फसतो, मनगट फसत नाही.

मशीनची कसोटी पाहणं हा या खेळाचा जुनाच धंदा. ब्रूस आर्टविकच्या सबलॉजिकनं मायक्रोसॉफ्टसाठी तो आयबीएम पीसीवर आणला १९८२ साली. पुढे पीसीच्या नकला बाजारात आल्या तेव्हा ‘लोटस १-२-३’ आणि फ्लाइट सिम्युलेटर, ही दोन चालली तर मशीन खरं, अशी रीतच पडली.

लोहगावला वारा पश्चिमेचाच होता, म्हणून शहर ओलांडून पुढे जाऊन वळायचं आणि २८वर उतरायचं. जमिनीपासून वीस फुटांवर नाक हळूच उचलायचं असतं. तिथे एक मात्रा हुकली की विमान उसळतं. पातळ्यावर मी तीनदा उसळलो. जाड्यावर एकदाच, आणि ती चूक माझी.

घ्यायचंच तर कार्डाची मेमरी १२ जीबीची घे, ५०७० टीआय किंवा जुन्यातलं ४०८०, असं मी भाच्याला सांगितलं. नुसतं ५०७० नको, त्यालाही ८च आहे. रॅम ३२ जीबी. २०२४च्या आवृत्तीत १६ ही किमान मर्यादा आहे. पैसे कमी पडले तर स्क्रीनचा दिमाख सोड, जॉयस्टिक सोडू नकोस.

त्यानं तो विटेएवढा अडॅप्टर हातात तोलून पाहिला. ‘मामा, हे रोज कॉलेजला?’

‘कॉलेजात नोट्स काढायला बॅटरी पुरते. बॅटरीवर हे विमान जुहूसुद्धा सोडणार नाही.’