रीगनचा आवाज, मॉर्सचा अबोला

जॉन थॉचं नाव निघालं की इंग्रज प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एकाला आठवतो 'द स्वीनी'तला जॅक रीगन, दुसऱ्याला ऑक्सफर्डचा चीफ इन्स्पेक्टर मॉर्स. पहिला दारं लाथाडत आत शिरणारा, दुसरा लाल जाग्वारमध्ये वाग्नर ऐकत बसणारा. एकाच नटाची ही दोन टोकं, असं म्हणायची रीत आहे. मला ते पटत नाही. दोघांच्या पोटात राग एकच आहे. रीगन तो दुसऱ्यावर काढतो, मॉर्स गिळतो.

'द स्वीनी' ही पोलिसी मालिका १९७५ ते १९७८ चालली. लंडनच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली. ती सुरू झाली तेव्हा थॉ जेमतेम तेहतिशीचा होता, आणि दिसायचा पंचेचाळिशीचा! मँचेस्टरच्या ट्रक ड्रायव्हरचा हा मुलगा. आई तो सात वर्षांचा असताना घर सोडून गेली; सोळाव्या वर्षी त्याला 'राडा' या नाट्यशाळेत प्रवेश मिळाला. रीगनचं ओरडणं त्यामुळेच उसनं वाटत नाही.

१९८७ साली 'इन्स्पेक्टर मॉर्स' आली. तेरा वर्षांत फक्त ३३ भाग, पण प्रत्येक भाग चित्रपटाएवढा. कॉलिन डेक्स्टरच्या कादंबऱ्यांत लुईस हा वयस्कर सहकारी. मालिकेने त्याला तरुण केलं आणि केव्हिन व्हेटलीला ती भूमिका दिली. हा बदल थॉच्या पथ्यावर पडला. चिडायला, शिकवायला आणि बिअरचं बिल गळ्यात मारायला त्याला एक माणूस मिळाला.

थॉची खरी करामत प्रेतापाशी दिसते. मॉर्सला मेलेलं माणूस बघवत नाही. थॉ तिथे कसलाही आविर्भाव करत नाही. नजर क्षणभर खाली जाते, लगेच दुसरीकडे वळते, आवाज थोडा कोरडा होतो आणि लुईसला काहीतरी काम सांगितलं जातं. खून उलगडणाऱ्या माणसाचं हे भित्रेपण दोन सेकंदांत कळतं. किशोरवयातल्या दुखापतीमुळे थॉचा एक पाय किंचित ओढला जाई. मॉर्सच्या थकल्या चालीत तोही मुरून गेला.

सगळंच जमलं असं नाही. 'कॅव्हना क्यूसी'तला वकील नेटका आहे, पण मॉर्सच्याच सावलीत वावरतो. १९९३ची 'अ इयर इन प्रोव्हान्स' तर साफ पडली. उन्हात मजेत बसलेला थॉ कुणालाच नको होता, मलाही. उलट १९९८च्या 'गुडनाइट मिस्टर टॉम'मध्ये एका पोरासाठी हळूहळू विरघळणारा म्हातारा पाहावा. पोलिसी बिल्ला नसलेलं त्याचं सर्वोत्तम काम ते.

नोव्हेंबर २००० मध्ये 'द रिमोर्सफुल डे' दाखवला गेला. त्यात मॉर्स कॉलेजच्या हिरवळीवर कोसळतो. थॉ २१ फेब्रुवारी २००२ला कर्करोगाने गेला, साठाव्या वर्षी. पुढे 'एन्डेव्हर' या मालिकेत शॉन इव्हान्स तरुण मॉर्स झाला. २०१२च्या पहिल्याच भागात वृत्तपत्राची संपादिका त्याला विचारते, आपण याआधी कुठे भेटलोय का? ती भूमिका करणारी अबिगेल ही जॉन थॉची मुलगी.