‘दत्तक’ आणि ‘पालक’ : कायद्याच्या परिभाषेची एक चिकित्सा

दत्तकविधानाची चर्चा आपल्याकडे बहुधा वारसा व पात्रता या अंगांनी होते. त्याच्या परिभाषेकडे फारसे लक्ष जात नाही. ज्या प्रौढांनी एखाद्या मुलाचे आईबाप होऊन त्याला प्रत्यक्ष वाढविले, त्यांनी पुढे ते मूल कायद्यानेही आपले करू म्हटल्यास ही परिभाषा त्यांना कितपत सामावून घेते, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

‘दत्त’ हे ‘दा’ धातूचे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित. त्याला ‘क’ प्रत्यय लागून ‘दत्तक’ झाले. म्हणजे या नावात देणाऱ्याची क्रिया आहे; वाढविणाऱ्याची नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील बारा पुत्रांची नावे पाहिली, तर औरस, क्षेत्रज, क्रीत, स्वयंदत्त, आईबापांनी टाकलेला तो अपविद्ध, अशी ती सर्व मूल कसे आले एवढेच सांगतात. संगोपनावरून पडलेले नाव त्यांत एकही नाही. हे स्वाभाविकच होते. कारण त्या व्यवस्थेचे प्रयोजन पिंड व वारसा हे होते. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. कंपनी सरकारने तो नामंजूर करून १८५४ मध्ये संस्थान खालसा केले, हा राजकारणाचा भाग झाला. शास्त्रदृष्ट्या मात्र दत्तक पुरा होण्यास संगोपनाचा एक दिवसही लागत नव्हता.

आधुनिक कायद्याने प्रयोजन बदलले. शब्दाचा सांगाडा मात्र बराचसा तसाच ठेवला. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ याने दत्तहोम आवश्यक नाही असे सांगितले, परंतु मूल प्रत्यक्ष दिले व घेतले गेले पाहिजे, ही अट कायम राखली. दहा वर्षे मामाच्या घरी वाढलेले मूल मामाला ‘देणे’ म्हणजे नेमके कोठून कोठे देणे, याचे उत्तर या क्रियापदापाशी नाही.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याची व्याख्या वेगळी असली, तरी अडचण त्याच जातीची आहे. तिच्यानुसार दत्तक मूल जन्मदात्या आईबापांपासून कायमचे विभक्त होते. आता २०१७ च्या व पुढे २०२२ च्या दत्तकग्रहण विनियमांत सावत्र पालकासाठीही तरतूद आहे. तेथे मूल सहसा जन्मदात्या आईपाशी किंवा बापापाशीच राहावयाचे असते. विभक्त होते ते एकाच पक्षापासून. मुळात ‘सावत्र’ हा शब्दही ‘सवत’ या शब्दाच्या कुळातला. सावत्र बापाच्या घरी सवत कोठे असते? तरी मत्सराचा तो जुना संस्कार शब्दाबरोबर त्याच्याही माथी येतो.

‘पालक’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. शाळेच्या पालकसभेत पालक म्हणजे आईबाप. पालक व पाल्य अधिनियम, १८९० यात मात्र पालक म्हणजे अज्ञान मुलाचा व त्याच्या मालमत्तेचा राखणदार. हे दुसरे नाते मूल सज्ञान होताच संपते, आणि त्यातून वारसा निर्माण होत नाही. शबनम हाश्मी यांना आपण वाढविलेल्या मुलीच्या संदर्भात कायद्याने हे दुसरे पालकपणच देऊ केले होते. त्यांच्या २००५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला, की बाल न्याय अधिनियमान्वये कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते; दत्तक घेणे हा मूलभूत हक्क मात्र न्यायालयाने मानला नाही. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर किती महाग पडू शकते, हे या प्रकरणावरून ध्यानी यावे.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो. देणाऱ्याला वगळले, तर दारिद्र्यामुळे मूल नातेवाइकांकडे ठेवणारी आई केवळ दुसऱ्याने अन्न घातले म्हणून मुलाला मुकेल. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. जन्मदात्यांच्या संमतीचे स्थान अढळ राहिले पाहिजे. परंतु संमती घेणे वेगळे आणि जे पूर्वीच घडले आहे ते आज घडत आहे असे शब्दांनी भासविणे वेगळे. अशा प्रसंगी कायदा नवे नाते निर्माण करीत नाही. असलेल्या नात्याला तो मान्यता देतो. म्हणून या वर्गासाठी ‘देणे-घेणे’ व ‘विभक्त होणे’ या पदांऐवजी ‘मातृपितृत्वाची मान्यता’ असे स्वतंत्र पद योजणे इष्ट होय. केवळ शब्द बदलल्याने न्याय होत नाही, हे खरे. पण ज्या गोष्टीला कायद्यात नावच नाही, तिच्यासाठी अर्ज तरी कोणत्या रकान्यात करावयाचा?