कचकड्याचे देव

२२ मार्च १९७८ हा पवित्र सप्ताहातील बुधवार होता. त्या रात्री अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने ‘द रटल्स : ऑल यू नीड इज कॅश’ हा सुमारे सव्वा तासाचा विनोदी कार्यक्रम दाखविला. त्या आठवड्यातील मुख्य वेळेच्या कार्यक्रमांत प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने तो अगदी तळाला राहिला. बीबीसीने तो इंग्लंडमध्ये पुढच्या सोमवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, दाखविला. या तारखा कोणी हेतुपुरस्सर निवडल्या असतील असे आम्हांस वाटत नाही. तरीही, ज्या कार्यक्रमाचा विषयच मुळी खोट्या देवांची पूजा हा आहे, त्याच्या बाबतीत हा योगायोग आमच्या लक्षात राहिला खरा.

एरिक आयडल आणि नील इनिस या दोघा इंग्रज विनोदकारांची ही निर्मिती. आयडल हे ‘माँटी पायथन’ मंडळीतले. १९७५–७६ साली बीबीसीवर त्यांची ‘रटलंड वीकएंड टेलिव्हिजन’ ही मालिका होती. तीतील बीटल्सच्या एका नकलेतून हे रोपटे वाढले. रटल्स नावाचा गायकवृंद जगात नव्हताच. पण कार्यक्रम असा बेतला आहे, की एखाद्या गंभीर माहितीपटाने थोरांचे चरित्र सांगावे. चार गरीब मुले, त्यांच्या संगीताचा तिटकारा असलेला पण त्यांच्या तंग विजारींवर लुब्ध झालेला व्यवस्थापक, किंचाळणाऱ्या मुलींचे थवे, मग पैसा, मग गुरू, मग कोर्टकज्जे. बीटल्सच्या चरित्रातील एकही टप्पा सुटलेला नाही.

इनिस यांनी गाणी रचताना मूळ तबकड्या पुन्हा ऐकल्या नाहीत. जे कानात मुरले होते त्यावरच चाली बांधल्या. आपल्याकडे आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाच्या कवींची थट्टा केली, तीही त्यांची वृत्ते आणि लकबी पूर्ण आत्मसात करूनच. ज्यावर आपले प्रेम नाही त्याची टवाळी करता येते, विडंबन साधत नाही. इनिस यांच्या चाली मुळाशी इतक्या जुळल्या, की बीटल्सच्या गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या कंपनीने त्यांवर दावा सांगितला आणि तडजोडीत स्वामित्वधनाचा निम्मा वाटा इनिस यांना सोडावा लागला. ज्या कार्यक्रमाच्या नावातच रोकड आहे, त्याची यथासांग पूर्तता व्यवहारानेच करून दिली म्हणायची.

मात्र हा सगळा उपहास चौघा गायकांवर आहे असे समजणे ही चूक ठरेल. त्याचा खरा रोख त्यांची कथा सांगणाऱ्या आवाजावर आहे. आरंभीच निवेदक कॅमेऱ्यासमोर चालत गंभीर भाषण करतो. कॅमेऱ्याची गाडी वेग घेते, आणि तो धापा टाकत तिच्यामागे धावू लागतो, पण बोलणे काही थांबवीत नाही. पुढे तो रटल्सच्या संगीताचा उगम शोधीत न्यू ऑर्लिन्सला जातो. तिथला कृष्णवर्णीय वृद्ध गायक सांगतो, की आपणच सारे काही रटल्सकडून शिकलो! शेजारचा दुसरा म्हातारा मात्र सगळे श्रेय स्वतःकडे घेतो, तोच त्याची बायको ठणकावते, की हा खोटारडा आहे, माहितीपटवाले आले की दर वेळी हेच सांगतो. या दोन मिनिटांत करमणुकीच्या धंद्याविषयी जे कळते, ते एखाद्या जाड प्रबंधातही कळणार नाही. कृष्णवर्णीयांचे संगीत उचलून गोऱ्यांनी धन मिळविले, हे दुखणे इथे उलटे टांगून दाखविले आहे.

आता आपल्या वाचकांना खटकेल त्या प्रसंगाकडे वळू. मार्च १९६६ मध्ये जॉन लेनन यांनी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ला दिलेल्या मुलाखतीत, आपण आज येशूपेक्षाही लोकप्रिय आहोत, अशा आशयाचे उद्‌गार काढले. इंग्लंडात कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ‘डेटबुक’ या तरुणांच्या मासिकाने ते छापले, आणि दक्षिणेकडील राज्यांत तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. ऑगस्टमध्ये शिकागोला लेनन यांना खुलासा करावा लागला. कार्यक्रमात रॉन नॅस्टी हा गायक रटल्स देवापेक्षा मोठे आहेत असे म्हणून बसतो. लोक तबकड्या जाळू लागतात, जाळताना स्वतःची बोटे भाजून घेतात. आणि खप मात्र गगनाला भिडतो, कारण लोक जाळण्यासाठीच तबकड्या विकत घेत असतात. अखेरीस खुलासा होतो, की वार्ताहर थोडा बहिरा होता. नॅस्टी ‘गॉड’ म्हणालाच नव्हता, ‘रॉड’ म्हणाला होता, रॉड स्ट्युअर्ट! आणि तो गायक तर आणखी आठ वर्षे मोठा व्हायचा होता.

या विनोदात ईश्वरनिंदा कुठे आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे शोधले. ती आढळली नाही. देवाला इथे कोणी हात लावलेला नाही. हात लावला आहे तो आपल्या संतापाला. जाळण्यासाठी विकत घेणारा भाविक हा धंदेवाल्याचे सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक असतो. २००६ साली ‘द दा विंची कोड’ चित्रपटाच्या वेळी मुंबईत आपल्यातील काहींनी मोर्चे काढले, उपोषणे केली. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही आणि निषेधाचा हक्कही आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांनी एरवी त्या कादंबरीकडे ढुंकूनही पाहिले नसते अशा आमच्या परिचयातल्या तीन घरांत ती त्याच महिन्यात येऊन दाखल झाली, हेही आम्ही पाहिले. व्हॅटिकनच्या ‘लोसर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने २००८ साली लेनन यांच्या त्या उद्‌गारांकडे अचानक यश लाभलेल्या कामगारवस्तीतील तरुणाची बढाई म्हणून पाहिले. इतका समंजसपणा यायला बेचाळीस वर्षे लागली. विनोदकारांना बारा पुरली.

या कार्यक्रमातील आमच्या मते सर्वश्रेष्ठ प्रसंग ‘रटल कोअर’ या कंपनीच्या दारातला. मायकेल पेलिन यांनी रंगविलेला प्रवक्ता वार्ताहराला सांगत असतो, की कंपनीत चोऱ्या होतात ही निव्वळ अफवा आहे. आणि त्याच्या पाठीमागून माणसे सामान उचलून नेत असतात. शेवटी वार्ताहराच्या हातातला ध्वनिक्षेपकही कोणीतरी लांबवितो. आम्हांस निर्गमाच्या ग्रंथातील अहरोन आठवला. मोशेचा तो प्रवक्ताच. सोन्याच्या वासराविषयी मोशेने जाब विचारला, तेव्हा त्याने सांगितले, की मी सोने अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले! जणू त्यात त्याचा काही हातच नव्हता.

तो पिकल्या केसांचा वार्ताहर म्हणजे स्वतः जॉर्ज हॅरिसन, बीटल्सपैकी एक. १९६८च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चे ध्वनिमुद्रण करणारे हेच हॅरिसन. स्वतःच्या कंपनीची लूट ज्यांनी सोसली, ते त्या लुटीच्या नकलेत हसत उभे राहतात. लोक आपल्याला संत मानू लागले हे पाहून संत फिलिप नेरी अर्धी दाढी काढून रोमच्या रस्त्यांवर हिंडले, असे सांगतात. हॅरिसन संत नव्हते. पण त्या अर्ध्या दाढीचा अर्थ त्यांना उमगला होता, असे आम्ही म्हणू.

कार्यक्रमात उणिवा आहेतच. नॅस्टीच्या जर्मन प्रेयसीला नाझी गणवेश चढवून केलेला विनोद सवंग आहे. सारे खापर परक्या बाईच्या माथी फोडण्याची चाहत्यांची जुनी खोड इथे लेखकांनाही लागलेली दिसते. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन ऑगस्ट १९६७ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. कार्यक्रमात त्या जागी व्यवस्थापक ऑस्ट्रेलियात शिक्षकाची नोकरी पत्करतो, आणि चौघे सुतकी चेहऱ्याने त्यावर बोलतात. हे सौजन्य की पळवाट, यावर आमचे मत दोन वेळा पाहूनही स्थिर झालेले नाही. लखलखाटाने माणूस मरतो, ही गोष्ट मात्र कार्यक्रमाने टाळली.

ती फार काळ टळली नाही. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये लेनन यांना गोळ्या घालणारा तरुण एकेकाळचा त्यांचा चाहता होता. त्याच संध्याकाळी त्याने त्यांची स्वाक्षरी घेतली होती. १९६६ सालच्या त्या उद्‌गारांचा रागही त्याच्या मनात होता. पूजा करणारा आणि तबकडी जाळणारा, दोघेही एकाच देहात.

हे ठाऊक झाल्यावर कार्यक्रमाचा शेवट पूर्वीसारखा पाहता येत नाही. १९७८ साली चौघे बीटल्स हयात होते आणि त्यांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी मोठमोठ्या रकमा देऊ केल्या जात होत्या. या कार्यक्रमाला पाठबळ देणारे लॉर्न मायकल्स यांनी तर १९७६ साली आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून थट्टेने त्यांच्यापुढे तीन हजार डॉलरांचा धनादेश नाचविला होता. इथे तोच प्रश्न खऱ्याखुऱ्या मिक जॅगर यांना विचारला जातो : रटल्स पुन्हा एकत्र येतील का? जॅगर कंटाळल्या चेहऱ्याने सांगतात, की न आले तर बरे.