रात्री साडेनऊनंतरचं क्लेअर

क्लेअरच्या पबमध्ये सेशनला, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीला, रंगमंच लागत नाही. कोपऱ्यात, जमलं तर शेकोटीशेजारी, एक टेबल असतं. भोवती सहा-सात वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. काहींची पाठ सरळ आपल्याकडे असते. साडेनऊच्या सुमाराला कुणी पेटीतून फिडल काढतं, कुणी लाकडी बासरीचे तुकडे जोडतं आणि गप्पांच्या ओघातच एक रील, म्हणजे जलद नाचाची धून, सुरू होते. निवेदन नाही, माइक नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या काउंटीत रात्र अशी चढते, आणि जितकं कान देऊन ऐकाल तितकी ती उलगडते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, एकच चाल फिरते आहे. फिरतच असते. धुनेचे दोन भाग, प्रत्येक आठ मात्राखंडांचा. प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे बत्तीस खंडांचं एक आवर्तन. रीलमध्ये ते पाऊण मिनिटाच्या आत पुरं होतं. अशी साधारण तीन आवर्तनं झाली की न थांबता दुसरी धून. सगळे वादक तीच चाल वाजवतात आणि तरी प्रत्येकाचं वाजवणं वेगळं. फिडलवाला दुसऱ्या फेरीत लांब स्वराऐवजी त्याच स्वराभोवती झटकन एक वळसा घेतो. बासरीवाला श्वासासाठी एक स्वर गाळतो, आणि ती गाळलेली जागाच लयीत बसते. कॉन्सर्टिनाचं एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा, त्यामुळे भाता उलटला की दर वेळी चालीला आपोआप ठसका मिळतो. इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपचा वादक कोपराखालच्या भात्याने हवा भरतो. तोंड मोकळं, मांडीवर सुरावटीची नळी, खाली अखंड षड्ज. सगळं मिळून एकच रेघ, पण जिवंत.

खरी मजा धून बदलताना. कुणी नजर वर करतो, पाय जरा जोरात आपटतो, आणि पुढच्या क्षणी नवी चाल, बहुतेकदा नव्या पट्टीत. चढ्या पट्टीत गेली तर खोलीच उचलली जाते. बारपाशी उभा असलेला म्हातारा 'हप्!' म्हणून दाद देतो ती इथेच, आणि ती बरोबर जागेवर असते.

उत्तरेकडच्या डोनेगल काउंटीचं फिडल धारदार आणि वेगवान. क्लेअरची, विशेषतः पूर्व क्लेअरची, चाल संथ आहे, आणि मला हीच जास्त मोलाची वाटते. वेग कमी केला की स्वर उघडे पडतात. इथल्या अनेक धुना काफी थाटाच्या स्वरांत बांधलेल्या आहेत: कोमल गंधार, कोमल निषाद. जुनिअर क्रीहन (१९०८–१९९८) या पश्चिम क्लेअरच्या फिडलवादकाची 'द मिस्ट कव्हर्ड माउंटन' ही जिग, नाचाचीच दुसऱ्या लयीची धून, त्यातलीच. जुने वादक काही स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध ठेवतात. पियानोला हे साधत नाही. आपल्या श्रुतींवर वाढलेल्या कानाला मात्र ते लगेच ओळखीचं वाटतं. नाचाची लय आणि आत उदासी, दोन्ही एकाच वेळी. फिडलवादक मार्टिन हेज आणि गिटारवादक डेनिस कॅहिल यांनी १९९७च्या अल्बमला 'द लोनसम टच' हे नाव दिलं ते याच गुणावरून.

हे संगीत पबमध्ये मात्र तसं अलीकडेच आलं. आधी ते स्वयंपाकघरात आणि चौरस्त्यावर वाजायचं, लोकांनी नाचावं म्हणून. १९३५ साली सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. पाद्र्यांनी आणि पोलिसांनी त्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला. नाच परवाना असलेल्या हॉलमध्ये गेला, तिथे नाचाला साथ करणारे मोठे केली बँड उभे राहिले; मार्टिनचे वडील पी. जो हेज यांचा टला केली बँड १९४६चा. १९५०च्या दशकात हजारो तरुण कामासाठी इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांना वाजवायला स्वयंपाकघर नव्हतं, पब होते. आज आपण ज्याला अस्सल आयरिश रात्र समजतो, तिचा बराचसा आकार तिथल्या घर सुटलेल्या मजुरांनी घडवला आहे.

विली क्लॅन्सी (१९१८–१९७३) त्यांच्यातलाच. सुतारकाम करणारा हा पाइप्सवादक काही वर्षं लंडनमध्ये राहिला आणि १९५७ साली मिलटाउन मालबे या पश्चिम क्लेअरच्या गावी परतला. त्याच्या वडिलांनी गॅरेट बॅरी या अंध पाइपवादकाच्या धुना ऐकून जपल्या होत्या आणि मुलापर्यंत पोचवल्या. क्लॅन्सी गेला त्याच वर्षी, १९७३च्या जुलैत, गावात त्याच्या नावाची उन्हाळी शाळा सुरू झाली. सकाळी वर्ग, रात्री पब. सकाळी शिकलेली धून मुलं त्याच रात्री मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवतात. दक्षिणेला किलरशमध्ये एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) स्वतःच्याच पबमध्ये कॉन्सर्टिना वाजवायच्या. आयरिश रेडिओने तो आवाज देशभर नेला.

रात्र मुरली की कुणाला तरी गाण्याचा आग्रह होतो. साथ नाही, ठेका नाही. गाणारा बहुधा डोळे मिटून, चेहऱ्यावर काही न दाखवता, एक लांबलचक कथागीत म्हणतो. त्या वेळी बारमध्ये पिंट भरणंही थांबतं. गाता गाता भावना दाखवायच्या नाहीत, कथेला पुढे होऊ द्यायचं, ही शिस्त मला फार मोठी वाटते.

उन्हाळ्यात डूलिनसारख्या गावांत गर्दी वाढते तसे काही ठिकाणी ध्वनिवर्धक येतात, आणि माझ्या मते तिथेच सेशन संपतं. माइक लागला की वादक श्रोत्यांकडे वळतात, आणि एकमेकांचं ऐकणं बंद होतं. बौरान हे हातातलं चर्मवाद्यही एका वेळी एकच चांगलं. दोन झाले की बारीक काम बुडून जातं.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी क्लेअरच्या किनाऱ्यावरचे मोहेरचे कडे पाहायला डब्लिनहून बसने येतात आणि त्याच संध्याकाळी परततात. तसं करू नका. एक रात्र डूलिनला, फीकलला किंवा मिलटाउन मालबेला काढा. वादकांच्या खुर्च्या सोडून बसा, टाळ्यांचा ठेका धरू नका, आणि एकाच वाद्याच्या मागे लागून तीन आवर्तनं ऐका. जाणं जमत नसेल तर हेज-कॅहिल यांचा १९९९चा 'लाइव्ह इन सिअॅटल' मिळवा. त्यात जवळजवळ अठ्ठावीस मिनिटांची एक सलग धूनमाला आहे. ती मधे न थांबवता ऐका.