प्रायोजक आणि परीक्षक

गिरणगावातील कलास्पर्धांना आश्रयदाता कधीच नव्हता, असे म्हणता येणार नाही. ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळ येथील दामोदर नाट्यगृह हे कामगार रंगभूमीचे माहेरघर होते. पुढे 1953 च्या अधिनियमान्वये उभारलेल्या कामगार कल्याण निधीतून कामगारांच्या नाट्यस्पर्धाही होऊ लागल्या. या निधीत मालक व शासन यांच्याबरोबर कामगाराच्या वेतनाचाही अंश असतो. म्हणजे प्रेक्षक तेथेही पैसे देतच होता. मात्र त्याच्या वर्गणीने कोणा नटाचे पारडे जड होत नसे. ‘जाहिरात पूर्वीही होतीच’ या नेहमीच्या समर्थनात नेमका हाच भेद निसटतो.

2008-09 मध्ये झी मराठीवर झालेली ‘आयडिया सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ ही स्पर्धा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आळंदीची कार्तिकी गायकवाड तीत विजयी झाली. लातूर, अलिबाग अशा ठिकाणच्या मुलांचे गाणे घरोघर पोहोचले. प्रायोजकाच्या पैशावाचून हे घडते ना, हे मान्यच केले पाहिजे. परंतु प्रायोजक येथे केवळ शीर्षकात नव्हता. कंपनी भ्रमणध्वनीची आणि प्रेक्षकांचा कौल लघुसंदेशाने द्यावयाचा. तेव्हा जी वस्तू विकावयाची तीच निर्णयाचे साधन झाली. 2002 साली सुरू झालेल्या ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये परीक्षकांपुढे कोका-कोलाचे पेले मांडलेले असत. ते पेले उचलून नेले तरी स्पर्धा अभंग राहते. लघुसंदेश काढून घेतला तर निकालच उरत नाही. (त्या अमेरिकन कार्यक्रमातही दूरध्वनी कंपनी प्रायोजक होतीच, पण टीकाकारांची नजर पेल्यांवरच अधिक खिळली.)

याचा परिणाम समीक्षेच्या भाषेवर झाला, आणि तोच अधिक गंभीर आहे. परीक्षक गुण देत ते स्वरांत; ‘नी’ मिळाला की सभागृह आनंदे. हा मापदंड जाणकाराचा. दुसरा मापदंड संदेशांच्या संख्येचा. त्यात एकाच व्यक्तीने कितीही वेळा मत द्यावे आणि प्रत्येक मताचे मोल मोजावे, अशी या प्रकारच्या स्पर्धांची रीत. स्वर आणि संख्या यांचा मेळ कसा बसतो, हे प्रेक्षकाला कधी उलगडून सांगितले जात नाही. अशा स्थितीत परीक्षकाचे भाष्य निर्णय न राहता शिफारस होऊन बसते. श्रुतीतील दोष दाखविणारे वाक्य आणि मतासाठी आवाहन करणारे वाक्य एकाच श्वासात येते, व पहिले दुसऱ्यापुढे मवाळ होत जाते.

2018 साली ‘आयडिया’ आणि व्होडाफोन यांचे विलीनीकरण झाले. स्पर्धेच्या नावातील तो शब्द गळाला तरी मतदानाची पद्धत सुटली नाही. ती पुढे अॅपमध्ये शिरली. झी समूहाचे कार्यालयही नंतर लोअर परळला, मफतलाल गिरणीच्या आवारात आले. त्या रस्त्याला नाव आहे ना. म. जोशी मार्ग.