पान चौतीस : एक रसग्रहण

मराठीत पुस्तकांची परीक्षणं पुष्कळ होतात. पण स्कूटरबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकाच्या वाट्याला समीक्षक काही येत नाही. वास्तविक कवितासंग्रहांपेक्षा ही पुस्तकं कितीतरी जास्त घरांत असतात, आणि वाचली मात्र तितकीच जातात! आमच्या घरातली प्रत १९८४ सालची. वडिलांनी नंबर लावून, काही वर्षं वाट बघून मिळवलेल्या स्कूटरबरोबर आलेली. वडील गेले, स्कूटर आहे. गेल्या जुलैत तीन दिवसांच्या झडीनंतर ती सुरू होईना, तेव्हा या ग्रंथाचं पान चौतीस मी प्रथमच मन लावून वाचलं.

पान चौतीसवर 'गाडी सुरू न होणे' हे कोष्टक आहे. रकाने तीन : लक्षण, कारण, उपाय. शैली सूत्रमय. विशेषण नाही, उपमा नाही, 'मला असं वाटतं' नाही. लेखकाला दोनच प्रश्न पडलेत. इंजिनापर्यंत पेट्रोल पोचतंय का? आणि पोचत असेल तर ठिणगी पडतेय का? प्लग काढून बघा. कोरडा असला तर पेट्रोल पोचत नाही. ओला असला तर पोचतंय, पण पेटत नाही. मग तो पुसायचा, कॅपमध्ये परत खोचायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसली तर गोष्ट वेगळी. नाहीच दिसली तर प्लग, कॅप, वायर, कॉइल, कंडेन्सर, पॉइंट असं एकेक पायरी मागे जायचं. एका वेळी एकच. इतकी स्वच्छ मांडणी मी आमच्या वाङ्मय मंडळाच्या एकाही व्याख्यानात ऐकलेली नाही.

या लिखित परंपरेच्या विरुद्ध सोसायटीची मौखिक परंपरा. मी पाच-सहा किका मारतो न मारतो तोच ती जिन्यातून खाली उतरली.

"आडवी करा, आडवी!" बँकेतून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे काका म्हणाले. आमच्या पिढीत स्कूटरच्या सर्व व्याधींवर हा एकच उपचार होता. आडवी केली. पेट्रोल माझ्या चपलेवर आलं.

"चोक जास्त दिलात," वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले. "कार्ब्युरेटर उघडावा लागणार."

"अहो, विकून टाका," हे तिसरं मत आमच्या घरातूनच आलं.

प्लग काढून बघा, असं मात्र एकानेही म्हटलं नाही. पुस्तक न उघडता परीक्षण लिहिणारे फक्त साहित्यातच असतात, हा माझा गैरसमज त्या दिवशी दूर झाला.

मी प्लग काढला. ओला! टेकवून किक मारली. ठिणगी नाही! म्हणजे पेट्रोल, चोक, कार्ब्युरेटर सगळे निर्दोष सुटले. इथवर मी कोष्टकाशी प्रामाणिक होतो. पण ऑफिसला उशीर होत होता. मी नवा प्लग घातला, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली नवी कॅप बसवली, आणि त्याच दमात पॉइंटही पॉलिश पेपरने घासले. दुसऱ्या किकला गाडी सुरू! काका म्हणाले, "आडवी केल्याचा गुण."

आणि मला त्यांना खोडता येईना. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर दोष कशात होता हे मी तरी कशावरून सांगणार?

आता या ग्रंथाचे दोष. पहिला म्हणजे, वाचकाला घाई असते हे लेखकाच्या गावीच नाही. दुसरा म्हणजे शेवट. प्रत्येक कठीण प्रसंगी 'अधिकृत विक्रेत्याकडे जावे' असं म्हणून लेखक अंग काढून घेतो. जुन्या नाटकात तिसऱ्या अंकाअखेर देव प्रकट व्हायचा, तसा विक्रेता प्रकट होतो. तिसरा दोष सर्वांत मोठा : इतक्या चुका मांडणाऱ्या या पुस्तकात लेखकाची स्वतःची एकही चूक नाही.

ती उणीव समासात भरून निघाली आहे. तिथे वडिलांचं पेन्सिलीतलं अक्षर आहे. '६-७-८६. पेट्रोलचा कॉकच बंद होता. अर्धा तास किका मारल्या. कोणास सांगितले नाही.' खाली, '११-८-९१. प्लगच्या फटीत कार्बनचा कण. टाचणीने काढला. प्लग नवा आणला होता, तो परत केला.' एका नोंदीला एकच कारण. आम्हांला वाटायचं, दादांना गाडीतलं सगळं उपजतच कळतं!

मला त्याखाली माझी नोंद करायची होती. पण काय लिहू? 'काहीतरी केले, सुरू झाली'? रविवारी पुन्हा खाली गेलो. घासलेले पॉइंट परत मळवता येत नव्हते. पण जुना प्लग घातला, गाडी सुरू झाली. मग जुनी कॅप लावली, गाडी गप्प! संध्याकाळी दिवा मालवून किक मारली, तर कॅपच्या बारीक तड्यातून ठिणगी इंजिनाच्या अंगावर उडताना दिसली. ओलाव्याने तिला जवळची वाट सापडली होती.

आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत. काही बिघडलं की दिवा लागतो आणि मेकॅनिक यंत्र जोडून कारण वाचतो. सोय आहे, नाही कशाला म्हणा? पण त्या पुस्तकांच्या समासात कोणी काही लिहीत असेल असं वाटत नाही.

मी पेन्सिल घेतली. 'प्लगची कॅप तडकलेली. आधी घाई केली, म्हणून चार दिवस कळले नाही.' काकांना अजून सांगितलेलं नाही.