जमीन मोजणारी कादंबरी

घराण्याची गोष्ट सांगायला बसलं की मराठी कादंबरी आधी जमीन मोजते, मग वाडा उभारते आणि त्यात बापलेकांच्या पिढ्या नांदवते. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये जगबुडीकाठच्या खोतांच्या पिढ्या दोन खंडभर नांदतात, भांडतात, खचतात. रंगनाथ पठाऱ्यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) तर थेट यादवकाळात शिरतं. दोन्ही मोठी कामं आहेत. पण पुस्तक मिटल्यावर घरातली एखादी वस्तू लक्षात राहते का? मला तरी खोती आठवते, नदी आठवते. कोणाच्या हातातला अडकित्ता आठवत नाही.

याचं कारण असं की आपल्याकडे कुळाची नोंद जमिनीच्या आणि पुरुषांच्या नावांनी होते. सातबारा तसाच, कुलवृत्तांतही तसेच. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे गेलेल्या पाटल्या, समया, हंडे-कळश्या यांची वंशावळ कोणी छापली नाही. कादंबरीकारांनी दप्तरातली नावं उचलली. माजघरात फारसं कोणी डोकावलं नाही.

डोकावलं ते नाटकानं. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) थोरली सून घराण्याचे दागिने एका रात्रीपुरते अंगावर चढवते. वर्षानुवर्षं राबून वाकलेली ती बाई त्या सोन्यानं क्षणभर मालकीण होते. पुढे तिची मुलगी तेच सोनं घेऊन पळून जाते, आणि देशपांडे घराण्याची खरी पत आपल्याला तेव्हा कळते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला आहेच. या दोन वस्तूंनी जे काम केलं, त्याला कादंबरीत दोनशे पानं लागली असती.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’कडून (२०१०) अपेक्षा जास्त होती. नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, म्हणजे खापराच्या तुकड्यावरून माणसं ओळखणारा. पण घरादारातल्या वस्तू त्या अफाट निवेदनात लोंढ्यानं येतात आणि लोंढ्यानंच वाहून जातात. एकीवर नजर ठरत नाही.

उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन. तरी या चर्चेत मी त्याला पहिला मान देईन. तिथे वारशाला ना जमीन, ना सोनं. आई विणते ती आयदानं, म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं, विकायचीच असतात, घरात ठेवायची नसतात. मग लेकीला मिळतं काय? विणण्याची रीत, जी ती लिहिण्यात वापरते. वस्तू हाताबाहेर गेली तरी वारसा उरतो, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारं दुसरं मराठी पुस्तक मला माहीत नाही.

वस्तू जपल्या म्हणजे गोष्ट जपली असंही नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहताना कारागिरीनं थक्क व्हायला होतं. पण ते कोणत्या घरातून, कोणत्या अडचणीत बाहेर पडले हे काचेतून दिसत नाही. ऑर्हान पामुक यांनी ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ (२००८) लिहिली आणि त्यातल्या वस्तूंचं खरंखुरं संग्रहालय २०१२ मध्ये इस्तंबूलला उघडलं. तिथे प्रत्येक वस्तूला आपलं प्रकरण आहे.

मी हे तळोज्यात बसून लिहितो आहे, आणि मला वाटतं पुढची कादंबरी इथं आहे. १९७० मध्ये शहर वसवणारी सिडको ही सरकारी कंपनी आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनात आली, १९८४ मध्ये जासईला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. सातबारा गेला तिथं भात मोजायची मापं, उखळ, पाटा-वरवंटा यांचं काय झालं? शेजारच्या नव्या इमारतींत विदर्भ-खानदेशातून आलेली कुटुंबं एका खोलीच्या घरात राहतात. पितळी हंडा आणावा की गावीच विकावा, हा तिथला खराखुरा कौटुंबिक वाद आहे. भंगारवाला वजनावर भाव करतो. जमिनीवाचून घराणं कसं सांगायचं, हा प्रश्न इथं घरोघरी पडलेला आहे.

धोका एकच, गहिवराचा. घासूनपुसून समया शोभेला मांडणारी उपाहारगृहं पनवेल परिसरातही आहेत. कादंबरीनं तो धंदा करू नये. हंडा विकणाऱ्या सुनेची बाजूही तिला तितकीच ठाऊक हवी. आणि असं काही इथल्या आगरी बोलीत लिहून आलंच, तर प्रकाशकानं कृपा करून त्याला प्रमाण मराठीचा इस्त्री केलेला सदरा चढवू नये.